स्टेम सेल हृदयात टिकतच नाहीत, मग फायदा कशानं होतो? एक्सोझोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या बारीक पिशव्या, समजून घेताना

हार्ट अटॅक म्हटलं की आपल्या डोक्यात आधी ब्लॉकेज येतं. नळी बंद झाली, डॉक्टरांनी ती उघडली, स्टेंट टाकला, पेशंट घरी आला, सुटलो. पण त्या नळीच्या पुढं जो स्नायू होता आणि ज्याला तेवढा वेळ रक्तच मिळालं नाही त्याचं काय झालं हे फारसं कुणी विचारत नाही, आणि खरं दुखणं तिथंच आहे. रक्त बंद झाल्यावर साधारण २० मिनिटांनंतर हृदयाच्या स्नायूपेशी कायमच्या मरायला लागतात, आधी आतल्या थरातल्या आणि मग हळूहळू बाहेरच्या, आणि अटॅक मोठा असेल तर काही तासांत १ अब्जापर्यंत पेशी जाऊ शकतात. डाव्या कप्प्यात मुळात स्नायूपेशीच २ ते ४ अब्ज असतात, म्हणजे नुकसान केवढं ते बघा. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण तयार होतो, त्याच्यामुळं हृदयाची भिंत फाटत नाही हे खरं, पण तो व्रण आकुंचन पावत नाही, नुसता बसून असतो, त्याचं काम उरलेल्या स्नायूवर पडतं, हृदय हळूहळू ताणलं जाऊन मोठं होतं, आणि मग काही लोकांना चालताना दम लागणं, पायांना सूज, रात्री सपाट झोपलं की गुदमरणं असं सगळं सुरू होतं. हे हार्ट फेल्युअर. औषधं आहेत, चांगली आहेत, त्यांनी माणसं वर्षानुवर्षं नीट जगतात, पण गेलेला स्नायू परत आणणारं एकही औषध आज आपल्याकडं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनी जगभरात १ कोटी ७९ लाख माणसं गेली, म्हणून या एका प्रश्नावर इतकी वर्षं इतके लोक डोकं लावून बसलेत.

आता कुणीही विचारेल, कातडी कापली तर भरून येते, लिव्हरचा तुकडा काढला तरी ते वाढतं, मग हृदयालाच काय झालंय? हृदयात नवीन पेशी बनतच नाहीत असंच कितीतरी वर्षं मानलं जायचं. ते तपासायची एक भन्नाट पद्धत स्वीडनमधल्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या योनास फ्रिसेन यांच्या टीमनं वापरली. १९५० च्या दशकापासून १९६३ पर्यंत मोकळ्या हवेत अणुबॉम्बच्या चाचण्या चालायच्या, त्यामुळं हवेत कार्बन-१४ (कार्बनचा एक किरणोत्सर्गी प्रकार) एकदम वाढला, चाचण्या थांबल्यावर तो दरवर्षी कमी कमी होत गेला. हाच कार्बन झाडांतून, खाण्यातून माणसाच्या शरीरात जातो आणि पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये कायमचा अडकतो, म्हणजे पेशीच्या डीएनएमधला कार्बन-१४ मोजला की ती साधारण कुठल्या वर्षी जन्मली ते कळतं. या हिशोबानं २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की हृदयात नवीन स्नायूपेशी बनतात, पण पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का आणि पंच्याहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. अख्ख्या आयुष्यात निम्म्या पेशीसुद्धा बदलत नाहीत. काही तासांत पाव हिस्सा स्नायू मेला तर या वेगानं तो भरून यायची आशाच सोडा.

म्हणून स्टेम सेल. कल्पना ऐकायला इतकी सरळ होती की सगळेच तिच्या प्रेमात पडले, स्टेम सेल म्हणजे अशी पेशी जी दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनवू शकते, तर ती बोन मॅरोमधून काढायची, हृदयात सोडायची, ती तिथं स्नायू बनवेल. २००१ मध्ये उंदरांवरचा एक पेपर आला, बोन मॅरोच्या पेशींनी हृदयाचा मोठा भाग नव्यानं बनवला असा त्यात दावा होता, आणि लगेचच माणसांवर ट्रायल सुरू झाल्या. पण २००४ मध्ये दोन वेगळ्या टीमनी तेच काम पुन्हा करून बघितलं आणि त्यांना त्या पेशी स्नायू बनल्याचं दिसलंच नाही. त्या मूळ कामामागचे पिएरो अँव्हर्सा हे या क्षेत्रातलं फार मोठं नाव, आणि २०१८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि त्यांच्याशी जोडलेल्या हॉस्पिटलनं त्यांच्या लॅबचे ३१ पेपर मागं घ्यायची शिफारस केली, कारण त्यांतल्या डेटात गडबड होती. मला हा भाग सांगणं फार गरजेचं वाटतं, कारण 'स्टेम सेलनं हृदय नवीन होतं' हे वाक्य अजूनही लोकांच्या कानावर येत असतं आणि त्याचा पाया केव्हाच ढासळलाय हे त्यांना कुणी सांगत नाही.

पण गोष्ट इथं संपत नाही, उलट इथूनच ती इंटरेस्टिंग होते. प्राण्यांच्या हृदयात पेशी सोडल्यावर त्यांतल्या बहुतेक पेशी थोड्याच दिवसांत गायब होतात, काही धडधडत्या हृदयातून धुवून निघून जातात, काही तिथंच मरतात, महिन्याभरानं शोधायला गेलं तर अगदी नावापुरत्या सापडतात. आणि तरीसुद्धा त्या प्राण्यांचं हृदय थोडं बरं चालायला लागलेलं असतं. म्हणजे शेतात बी टाकलं, बी काही उगवलं नाही, पण बियाण्याबरोबर जे खत पडलं त्यानं शेजारची आधीची रोपं तरारली असं काहीसं. मग शोध बियाण्याचा सोडून खताचा सुरू झाला.

२००५ च्या आसपास अमेरिकेत व्हिक्टर झाऊ यांच्या लॅबमध्ये एक साधी गोष्ट केली गेली. स्टेम सेल ज्या पातळ द्रवात वाढवतात तो द्रव घेतला, पेशी सगळ्या काढून टाकल्या, आणि नुसता द्रव उंदरांच्या हृदयावर वापरला. पेशी एकही नाही, तरी हृदयाचं नुकसान कमी झालं. म्हणजे पेशी काहीतरी बाहेर सोडतायत आणि काम ते 'काहीतरी' करतंय हे नक्की झालं. पण त्या द्रवात शेकडो प्रकारची प्रथिनं असतात, त्यांतलं नेमकं कुठलं?

इथं सिंगापूरच्या साय किआंग लिम आणि नेदरलँड्समधले डॉमिनिक डी क्लाईन यांच्या टीमनं जे केलं ते मला या अख्ख्या विषयातलं सगळ्यात सुंदर काम वाटतं. त्यांनी प्रथिनांची यादी करत बसण्याऐवजी तो द्रव वेगवेगळ्या मापाच्या फिल्टरमधून काढला, लहान कण एका बाजूला, मोठे दुसऱ्या बाजूला, आणि कुठल्या भागात ताकद आहे ते बघितलं. लहान कणांच्या भागात काहीच नाही. फायदा होत होता तो १००० किलोडाल्टनपेक्षा (किलोडाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं माप) मोठ्या कणांच्या भागात. हे विचित्र होतं, कारण एकेकटं प्रथिन सहसा इतकं मोठं नसतंच, आपलं हिमोग्लोबिन घ्या, ते साधारण ६४ किलोडाल्टनचं असतं. म्हणजे ज्याला आपण शोधतोय ते एकटं प्रथिन नाहीच, बऱ्याच गोष्टी एकत्र बांधलेलं काहीतरी मोठं आहे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तर गोल गोल बारीक पिशव्या. २०१० मध्ये त्यांनी जाहीर केलं की उंदरांच्या हृदयातलं नुकसान कमी करणाऱ्या या पिशव्या म्हणजे एक्सोझोम.

एक्सोझोम म्हणजे पेशीतून बाहेर पडणारी, चरबीच्या दुहेरी पडद्याची पिशवी, आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. माणसाचा केस अंदाजे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून बारीकपणाचा अंदाज घ्या, साध्या मायक्रोस्कोपमध्ये तर दिसतच नाही. ती बनते पण गमतीशीर पद्धतीनं, पेशीच्या आत एक मोठी पिशवी असते, तिचा पडदा जागोजागी आतल्या बाजूला दबत जातो आणि आत छोट्या छोट्या पिशव्या सुटतात, मग ही भरलेली मोठी पिशवी पेशीच्या बाहेरच्या पडद्याला येऊन चिकटते, फुटते, आणि आतल्या सगळ्या छोट्या पिशव्या बाहेर पडतात. त्या बनताना पेशीतली प्रथिनं, आरएनएचे (डीएनएमधला निरोप वाहून नेणाऱ्या रेणूचे) तुकडे, चरबीचे रेणू असं बरंच काही आत भरलं जातं.

हे पहिल्यांदा दिसलं ते १९८३ मध्ये आणि हृदयाचा तिथं काही संबंधच नव्हता. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कोवळ्या तांबड्या पेशींवर काम करत होत्या, त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसमध्ये फिलिप स्टाल यांची टीम उंदरांच्या तशाच पेशी बघत होती. तांबडी पेशी मोठी होताना तिला लोह आत ओढणाऱ्या एका प्रथिनाची गरज संपते, ती ते प्रथिन या पिशव्यांत घालून बाहेर टाकते, असं दोघांना दिसलं. त्यामुळं बरीच वर्षं या पिशव्यांकडं पेशीचा कचरा म्हणूनच बघितलं गेलं. १९९६ मध्ये कळलं की प्रतिकारशक्तीच्या पेशी याच पिशव्या वापरून दुसऱ्या पेशींना जागं करू शकतात, आणि २००७ मध्ये स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या टीमनं दाखवलं की त्यांच्यात आरएनए असतो आणि तो दुसऱ्या पेशीत जाऊन कामसुद्धा करू शकतो. तिथून मात्र सगळं जगच या पिशव्यांच्या मागं लागलं.

हृदयात त्या करतात काय, ते जरा नीट बघू. अटॅकमध्ये दोनदा मार बसतो, एकदा रक्त बंद होतं तेव्हा आणि दुसऱ्यांदा, हे ऐकून नवल वाटेल, रक्त परत येतं तेव्हा. उपाशी राहिलेल्या पेशीत अचानक ऑक्सिजन घुसतो, त्यातून घातक ऑक्सिजन रेणू तयार होतात, कॅल्शियम आत साचतं, पेशीला ऊर्जा देणाऱ्या मायटोकाँड्रियाला भोकं पडतात आणि जी पेशी वाचू शकली असती तीही मरते. नळी उघडणं अर्थातच अत्यावश्यक आहे, त्याला पर्याय नाही, पण हा दुसरा मार थांबवणारं औषध अजून सापडलेलं नाही. लिम यांच्या टीमला प्राण्यांत दिसलं ते असं की रक्त परत सुरू करायच्या जरा आधी एक्सोझोम दिले तर पेशींमधली ऊर्जा टिकते, ऑक्सिजनचा मारा कमी होतो आणि 'जिवंत राहा' असं सांगणारी पेशीतली यंत्रणा चालू होते.

दुसरं काम सूजेवर. स्नायू मेला की पांढऱ्या पेशी, मुख्यतः मॅक्रोफेज, सफाईला धावतात, ते हवंच, पण त्यांतला एक प्रकार आग भडकवत ठेवतो आणि दुसरा दुरुस्तीला लागतो, आणि स्टेम सेलचे एक्सोझोम या मॅक्रोफेजना दुरुस्तीच्या बाजूला वळवतात असं बऱ्याच लॅबना दिसलंय. मला स्वतःला वाटतं की सगळ्यात जास्त वजन याच मुद्द्यात आहे, त्याचं कारण पुढं सांगतो. याशिवाय नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटायला मदत होते, व्रण थोडा कमी आणि मऊ राहतो. पण नवीन स्नायू? नाही. जास्त करून हे सगळं 'जे उरलंय ते वाचवा' या प्रकारचं काम आहे, मेलेलं उठवायचं नाही, आणि ज्याच्या अटॅकला पाच वर्षं झालीत आणि व्रण पक्का झालाय त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

या पिशव्यांमधल्या ज्या मालावर सगळ्यात जास्त चर्चा होते तो म्हणजे मायक्रोआरएनए. साधारण २२ अक्षरांचा आरएनएचा छोटासा तुकडा, तो स्वतः प्रथिन बनवत नाही, पण दुसऱ्या प्रथिनांचे निरोप घेऊन चाललेल्या आरएनएला चिकटून ते प्रथिन बनणं थांबवतो. एक मायक्रोआरएनए असे कितीतरी निरोप दाबू शकतो, म्हणून तुकडा छोटा असला तरी परिणाम मोठा होऊ शकतो. लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय हॉस्पिटलमध्ये एदुआर्दो मार्बान यांच्या टीमनं हृदयाच्याच ऊतीतून वाढवलेल्या पेशी आधी पेशंटना देऊन बघितल्या होत्या, आणि २०१४ मध्ये त्यांनी उंदरांत दाखवलं की त्या पेशींचा फायदा त्यांच्या एक्सोझोममधूनच येतो. तपासलं कसं, तर पेशींना एक्सोझोम सोडूच न देणारं एक रसायन वापरलं, आणि फायदा गेला. उलट पेशी न देता नुसते एक्सोझोम दिले, फायदा आला. त्यात मायक्रोआरएनए-१४६ए हा एक महत्त्वाचा खेळाडू निघाला, पण तो एकटा दिला तर पूर्ण परिणाम येत नाही हेही त्यांनीच सांगितलं.

आता इथं एक अडचण आहे आणि ती लपवून ठेवण्यात काही अर्थ नाही. २०१४ मध्येच दुसऱ्या एका टीमनं हिशोब लावून बघितला की एका एक्सोझोममध्ये एखाद्या ठरावीक मायक्रोआरएनएच्या किती प्रती असतात, तर उत्तर आलं, सरासरी एकसुद्धा नाही. म्हणजे भरपूर असलेला मायक्रोआरएनए धरला तरी बहुतेक पिशव्यांत तो नसतोच. मग एका पेशीवर परिणाम व्हायला किती पिशव्या आत जायला हव्यात? आणि आत गेलेल्या पिशव्यांतल्या बऱ्याच तर पेशी सरळ पचवून टाकते. त्यामुळं काम नक्की मायक्रोआरएनए करतो, की पडद्यावरची प्रथिनं बाहेरूनच काहीतरी सिग्नल देतात, की सगळं मिळून होतं, हा वाद अजून मिटलेला नाही.

दुसरा धक्का २०१९ चा. सिनसिनाटीच्या जेफ मोलकेंटिन यांच्या टीमनं उंदरांच्या हृदयात जिवंत स्टेम सेल सोडल्या, दुसऱ्या गटात त्याच पेशी गोठवून मारून सोडल्या, आणि तिसऱ्या गटात पेशी नाहीतच, फक्त प्रतिकारशक्तीला चिथावणारं एक रसायन. तिन्ही गटांत हृदय थोडं सुधारलं! त्यांचं म्हणणं असं की फायदा पेशींमुळं नाही तर जखमेत मॅक्रोफेज नव्यानं जागे झाल्यामुळं आणि त्यांनी व्रणाच्या कडेचा भाग नीट बांधल्यामुळं होतो. काही जणांना हे वाचून एक्सोझोमचा विषयच संपला असं वाटलं, मला तसं वाटत नाही, कारण एक्सोझोमसुद्धा मॅक्रोफेजनाच तर हाताळतात, फक्त शरीराला चिथावण्यापेक्षा जास्त नेमकेपणानं. पण यापुढं कुठल्याही एक्सोझोमच्या प्रयोगात तुलनेसाठी नुसतं सलाईन पुरणार नाही, मेलेल्या पेशींचा किंवा साध्या चिथावणीचा गट हवाच, आणि तो नसेल तर निकालावर लगेच भाळू नये.

मग इतकं सगळं असताना पेशी सोडून पिशव्यांच्या मागं का लागायचं? कारणं चांगली आहेत. पिशवीत केंद्रक नाही, ती वाढत नाही, त्यामुळं तिच्यातून गाठ होत नाही. प्रौढ पेशीला मागं नेऊन जी आयपीएस पेशी बनवतात, ज्या शोधासाठी शिन्या यामानाका यांना २०१२ चं नोबेल मिळालं, ती तशीच उंदरांच्या हृदयात सोडली तर गाठी होऊ शकतात, पण त्याच पेशींचे एक्सोझोम दिले तर गाठी दिसल्या नाहीत आणि फायदा मात्र दिसला. शिवाय नवीन स्नायूपेशी हृदयात बसवल्या तर त्या आपल्याच तालात धडधडून ठोके बिघडवू शकतात, तो धोका इथं बराच कमी. पिशव्या उणे ८० अंशांवर गोठवून ठेवता येतात, म्हणजे अटॅक आला त्याच रात्री फ्रीझरमधून काढून देता येतील, पेशंटच्या स्वतःच्या पेशी काढून आठवडे वाढवत बसायला नको. आणि दुसऱ्याच्या पेशींच्या असल्या तरी शरीर त्यांच्यावर तितकं चवताळत नाही.

पण बनवायच्या कशा, तर इथं खरी कटकट आहे. पेशींचे मोठे मोठे साठे वाढवायचे, द्रव गोळा करायचा, आणि त्यातून पिशव्या वेगळ्या काढायच्या. जुनी पद्धत म्हणजे अल्ट्रासेंट्रिफ्यूज, गुरुत्वाकर्षणाच्या १ लाख पट जोरानं गरागरा फिरवून पिशव्या तळाला बसवायच्या, त्यात पिशव्या एकमेकींना चिकटतात, काही फुटतात आणि सोबत प्रथिनांचा गाळही येतो. नवीन पद्धती आहेत, मापानं वेगळं करणाऱ्या, त्या बऱ्या आहेत. तरी हातात येतं ते शुद्ध एक्सोझोम नसतं, त्याच मापाच्या पण पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरून तुटून आलेल्या पिशव्या त्यात मिसळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या ओळखणं जवळपास अशक्य, म्हणूनच या क्षेत्रातले लोक आता सरसकट 'पेशीबाहेरच्या पिशव्या' असंच लिहायला सांगतात. आणि एक बारीक गोष्ट, पेशी वाढवताना बरेचदा वासराच्या रक्तातलं सीरम घालतात, त्या सीरममध्ये वासराचे स्वतःचे एक्सोझोम असतात! ते आधी काढले नाहीत तर तुम्ही ज्याला माणसाच्या स्टेम सेलचं औषध म्हणताय त्यात गुरांच्या पिशव्या पण निघतात.

डोसचंही तेच. गोळी म्हटलं की ५० मिलिग्रॅम, १०० मिलिग्रॅम. एक्सोझोमचा डोस कुणी कणांच्या संख्येत मोजतं, कुणी प्रथिनांच्या मायक्रोग्रॅममध्ये, कुणी 'इतक्या पेशींनी इतक्या तासांत सोडलेले' असं लिहितं, आणि मग एका लॅबचा निकाल दुसऱ्या लॅबशी ताडून बघायचा तर कसा बघायचा? त्यात पेशी कुणाच्या आहेत, किती जुन्या आहेत, त्यांना ऑक्सिजन कमी दिला होता का, यावर पिशव्यांमधला माल बदलतो. म्हाताऱ्या किंवा डायबेटिस असलेल्या माणसाच्या पेशींच्या पिशव्या कमी कामाच्या, काही प्रयोगांत तर नुकसान करणाऱ्याही निघाल्यात. प्रत्येक बॅच तितकीच ताकदवान आहे हे दाखवणारी एक खात्रीची टेस्ट ठरली नाही तोवर हे औषध म्हणून उभं राहणं अवघड आहे.

बरं, बनवलं, पण हृदयापर्यंत पोचवायचं कसं? शिरेतून इंजेक्शन दिलं तर बहुतेक पिशव्या लिव्हर, स्प्लीन (प्लीहा) आणि फुप्फुसं गिळून टाकतात, रक्तातून त्या काही मिनिटांतच कमी व्हायला लागतात. मार्बान यांच्या टीमनं २०१७ मध्ये डुकरांवर केलेला प्रयोग इथं डोळे उघडणारा आहे (डुकराचं हृदय आकारानं आणि रचनेनं आपल्या जवळचं, म्हणून ते निवडतात). एका गटात एक्सोझोम थेट हृदयाच्या नळीत सोडले, दुसऱ्या गटात सुईनं हृदयाच्या स्नायूत टोचले. नळीतून दिलेल्यांचा फायदा दिसला नाही, स्नायूत टोचलेल्यांचा दिसला. पण अटॅक आलेल्या माणसाला अँजिओप्लास्टी चालू असताना नळीतून देणं सोपं आणि सुजलेल्या, नाजूक झालेल्या हृदयात सुया टोचणं अवघड, म्हणजे जे सोपं ते चालत नाही आणि जे चालतं ते सोपं नाही. म्हणून वेगवेगळ्या वाटा शोधणं चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जेलच्या पट्टीत पिशव्या भरून ती उंदरांच्या हृदयावर लावली, पट्टीतून त्या सावकाश सुटत राहिल्या. तेव्हा नॉर्थ कॅरोलायनात असलेल्या के चेंग यांच्या टीमनं स्टेंटवरच एक्सोझोमचा थर दिला, जखमेत घातक ऑक्सिजन रेणू वाढले की थर सुटतो अशी योजना. काही जण पिशवीच्या पडद्यावर हृदयाला चिकटणारा प्रथिनाचा छोटा तुकडा बसवतायत. सगळं अजून प्राण्यांत.

या सगळ्यात एक प्रयोग असा आहे जो माझ्या मते या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकानं वाचायला हवा. २०१९ मध्ये इटली आणि ब्रिटनच्या संशोधकांनी मायक्रोआरएनए-१९९ए हा तुकडा व्हायरसच्या मदतीनं डुकरांच्या हृदयात घातला, हा मायक्रोआरएनए स्नायूपेशींना पुन्हा विभागायला लावतो. महिन्याभरात व्रण लहान झाला, हृदय सुधारलं, जे इतकी वर्षं हवं होतं ते समोर दिसलं. आणि मग त्यांतली बहुतेक डुकरं अचानक ठोके बिघडून मेली, कारण व्हायरस तो मायक्रोआरएनए बनवत राहिला, थांबेचना, आणि हृदयात कच्च्या, वाढत राहणाऱ्या पेशींचे पुंजके झाले. एक्सोझोमचा परिणाम थोड्या दिवसांत ओसरतो याला आपण कमतरता म्हणतो, पण अशा ताकदीच्या मालासाठी वेळेवर ओसरणं हाच त्यांचा मोठा फायदा ठरू शकतो.

आणि आता जे सांगतोय ते कृपया लक्ष देऊन वाचा, विशेषतः घरात कुणी हार्ट पेशंट असेल तर. एक्सोझोमचे ड्रिप, एक्सोझोमची इंजेक्शनं आत्ताच विकली जातायत, सांधेदुखीपासून हृदयापर्यंत सगळ्यावर. औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला, नेब्रास्का राज्यात एक्सोझोम म्हणून विकलेल्या, मंजुरी नसलेल्या प्रॉडक्टमुळं पेशंटना गंभीर त्रास झाल्यानंतर, आणि एफडीएची मंजुरी मिळालेलं एकही एक्सोझोम प्रॉडक्ट नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वर सांगितलेल्या सगळ्या अडचणी, शुद्धता, डोस, बॅच, हृदयापर्यंत पोचणं, यांतली एकही एखाद्या क्लिनिकनं आपली आपण सोडवलेली असणं शक्य नाही. कुणी ट्रायल आहे म्हणालं तर रजिस्ट्रेशन नंबर मागा, एथिक्स कमिटीची परवानगी मागा, आणि प्रयोगातल्या औषधाचे मोठे पैसे मागत असतील तर तिथून उठा. चालू गोळ्या बंद करून याच्या मागं जाणं तर सरळ जिवावरचं आहे.

माणसांवर खऱ्या अर्थानं सुरुवात झालीय ती पॅरिसमध्ये. फिलिप मेनाशे हे तिथले हार्ट सर्जन, त्यांनी आधी स्टेम सेलपासून बनवलेल्या हृदयाच्या कच्च्या पेशींची पट्टी पेशंटच्या हृदयावर बसवली होती, पेशी टिकत नाहीत हे त्यांनी जवळून बघितलं आणि ते पिशव्यांकडं वळले. आयपीएस पेशींपासून हृदयाच्या कच्च्या पेशी बनवायच्या, त्या जे सोडतात ते गोळा करून गाळायचं आणि शिरेतून द्यायचं, अशी त्यांची पद्धत. औषधांना दाद न देणाऱ्या हार्ट फेल्युअरच्या एका पेशंटला तीन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा ते दिल्याचा रिपोर्ट २०२४ मध्ये आला, त्रास झाला नाही आणि पुढच्या महिन्यांत पेशंटची तब्येत सुधारली. शिरेतून दिलं म्हणजे बराच माल लिव्हर आणि स्प्लीनमध्ये गेला असणार, तरी फायदा होत असेल तर तो कदाचित थेट हृदयात नाही तर स्प्लीनमधल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींमार्फत होत असेल, म्हणजे परत मॅक्रोफेज आणि सूज, म्हणूनच मी वर त्या मुद्द्याला जास्त वजन दिलं. पण पेशंट एक, तुलनेला दुसरा गट नाही, आणि पहिल्या टप्प्याची ट्रायल मुळात सुरक्षितता बघायलाच असते.

पुढं बघायचं ते हे, की मोठ्या ट्रायलमध्ये मोजतात काय. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्यात डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा, तीनचार टक्क्यांनी वाढल्याचं स्टेम सेलच्या ट्रायलमध्ये याआधी अनेकदा दिसलंय आणि त्यातून फार काही हाती लागलं नाही. २०२३ मध्ये आलेल्या ड्रीम-एचएफ या ५३७ पेशंटच्या ट्रायलमध्ये पेशी दिलेल्या गटात अटॅक आणि स्ट्रोक कमी दिसले, पण हार्ट फेल्युअर बळावून पुन्हा पुन्हा ॲडमिट व्हायची वेळ कमी येते का, हा जो मुख्य प्रश्न ट्रायलनं आधी ठरवला होता, त्याचं उत्तर नाही असं आलं. एक्सोझोमच्या ट्रायलनाही हेच विचारलं जाणार, पेशंट हॉस्पिटलमध्ये कमी वेळा गेला का, जास्त जगला का, आणि ते खोटं इंजेक्शन दिलेल्या गटाशी ताडून.